कंपवाताचे अभ्यासक जेम्स पार्किन्सन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे अथवा कर्तृत्ववान भगिनीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे एका सवलतीची याचना केली. आम्हांस ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हत, आपल्या देशाचेही नव्हत. ते लंडनमधील एक सामान्य वैद्य होते व त्यांना दिवंगत होऊन दोनशे वर्षे उलटून गेली आहेत. तथापि त्यांचे आडनाव आज आपल्या कित्येक घरांत नित्य उच्चारले जाते. एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्याचा हात कापू लागला, पाऊल अडखळू लागले, की त्यास पार्किन्सन झाला असे आपण म्हणतो. ते नाव एका हाडामांसाच्या मनुष्याचे आहे याचे भान बोलताना राहत नाही. संपादकांनी आमची विनंती मान्य केली. या चरित्राची निवड आम्ही का केली, याचे कारण लेखाच्या अखेरीस निवेदन करू.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडन शहरास लागून असलेल्या होक्स्टन या वस्तीत झाला. त्यांचे वडील जॉन पार्किन्सन हे तेथेच वैद्यकी करीत. औषधे तयार करून देणे, हाडे बसविणे, गळवे फोडणे, जखमा बांधणे अशी सर्व कामे करणारा तो वैद्यवर्ग होता. विश्वविद्यालयाची मोठी पदवी घेतलेले डॉक्टर श्रीमंतांच्या घरी जात. गोरगरिबांचा आधार म्हणजे हे वस्तीतले वैद्य. जेम्स यांनी वडिलांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १७७६ साली सहा महिने लंडन हॉस्पिटलात शिक्षण घेतले. पुढल्याच वर्षी गळफास घेतलेल्या एका इसमास त्यांनी शुद्धीवर आणून वाचविले. बुडालेल्या व गुदमरलेल्या माणसांचे प्राण वाचविण्याच्या कार्यास वाहिलेल्या ह्यूमेन सोसायटीने त्याबद्दल त्यांस रौप्यपदक दिले. १७८४ साली वडील निवर्तले आणि घरचा दवाखाना बावीस वर्षे सरलेल्या नव्हे, तर तिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या या पुत्राकडे आला. त्यानंतर जन्मभर त्यांनी ती वस्ती सोडली नाही.

व्यवसायात स्थिर झाल्यावर मनुष्य बहुधा विद्यार्थिदशा विसरतो. पार्किन्सन यांचे तसे झाले नाही. १७८५ साली, दवाखान्याचा सर्व व्याप सांभाळून, ते जॉन हंटर या विख्यात शल्यवैद्यांची व्याख्याने ऐकण्यास जात. लघुलिपी त्यांस उत्तम अवगत होती. हंटर बोलत आणि हे टिपून घेत. त्या टिपणांचे पुढे त्यांच्या पुत्राने पुस्तक करून १८३३ साली प्रसिद्ध केले. पाहावे, ऐकावे व तत्काळ टिपून ठेवावे ही जी सवय त्यांनी लावून घेतली, तिचेच फळ पुढे साऱ्या जगास मिळाले.

दवाखान्यात येणारी दैन्यावस्था पाहून हा मनुष्य स्वस्थ बसला नाही. त्या काळी इंग्लंडात मतदानाचा अधिकार थोडक्यांनाच होता आणि करांचा भार गरिबांवर पडे. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तिचे पडसाद लंडनमध्येही उमटले. सर्वसामान्यांस मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या लंडन करस्पाँडिंग सोसायटीचे पार्किन्सन सभासद झाले आणि ओल्ड ह्यूबर्ट हे टोपणनाव घेऊन त्यांनी सरकारवर टीका करणारी पत्रके लिहिली. १७९४ साली या संस्थेच्या काही सभासदांवर एक विलक्षण आरोप आला. हवेच्या दाबाने सुटणारा विषारी बाण मारून राजे तिसरे जॉर्ज यांचा वध करण्याचा कट त्यांनी रचला, असे सरकारचे म्हणणे होते. या प्रकरणी पार्किन्सन यांस प्रिव्ही कौन्सिलपुढे शपथेवर जबानी द्यावी लागली. घरी बायकामुले, दवाखाना लोकांच्या विश्वासावर चाललेला. अशा स्थितीत दुसरा कोणी कचरला असता. ते कचरले नाहीत. त्यांच्यावर खटला झाला नाही, व पुढे त्या कटाचा आरोपही टिकला नाही.

यानंतर त्यांची लेखणी अन्य विषयांकडे वळली. सामान्य कुटुंबांस आरोग्याची माहिती व्हावी म्हणून १७९९ व १८०० या सालांत त्यांनी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. त्यांतील एक खास खेडुतांसाठी होते. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक, रसायनशास्त्रावर एक, अशीही पुस्तके त्यांनी सिद्ध केली. त्यांस स्वतःस संधिवाताचा एक प्रकार, ज्यास आपल्याकडे वातरक्त म्हणतात, त्याची व्यथा होती. तिच्यावरही त्यांनी १८०५ साली ग्रंथ लिहिला. आपले दुखणेसुद्धा अभ्यासाचा विषय करणारी माणसे विरळाच.

त्यांचा खरा छंद मात्र जीवाश्मांचा होता. फार प्राचीन काळचे शंख, वनस्पती, प्राणी दगडांत रूपांतरित होऊन राहिलेले असतात. ते जमवावे, निरखावे, त्यांची चित्रे व वर्णने द्यावी, यात त्यांनी आयुष्यातील किती तरी रात्री घालविल्या. या विषयावरील त्यांच्या महाग्रंथाचे तीन खंड १८०४, १८०८ व १८११ साली निघाले. १८०७ साली लंडनमध्ये जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या तेरा संस्थापकांपैकी ते एक होत. हयातीत त्यांची कीर्ती झाली ती या दगडांमुळे. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने उतारवयात त्यांस सुवर्णपदक दिले, तेही मुख्यतः याच ग्रंथाच्या गौरवार्थ.

आता ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले त्याकडे वळू. १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपयुक्त पक्षाघातावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुस्तिका अवघी ६६ पृष्ठांची आहे आणि तीत रुग्ण आहेत केवळ सहा. त्या सहांतही सर्व त्यांच्या दवाखान्यात आलेले नव्हते. दोघे त्यांस रस्त्यात भेटले. त्यांच्याशी थांबून बोलून त्यांनी हकीकत जाणून घेतली. एकास तर त्यांनी केवळ दुरून पाहिले. उरलेल्या तिघांत पन्नाशी ओलांडलेला एक माळी होता, आणि बहात्तर वर्षांचे एक गृहस्थही होते. लंडनच्या रस्त्याने रोज हजारो माणसे जात-येत होती. वाकून, घाईघाईने, हात थरथरवीत चालणारा म्हातारा सर्वांनाच दिसत होता. परंतु या वेगवेगळ्या म्हाताऱ्यांना एकच व्याधी जडली आहे, हे ओळखले या वस्तीतल्या वैद्याने.

त्यांनी काय पाहिले? रोग इतक्या हळूहळू येतो की तो नेमका केव्हा सुरू झाला हे रुग्णास सांगता येत नाही. प्रारंभी थोडी अशक्तता वाटते आणि बहुधा एका हातास कंप सुटतो. हा कंप हात स्वस्थ टेकलेला असतानाच होतो. मद्यपानाने अथवा वार्धक्याने होणाऱ्या कंपाहून तो वेगळा आहे, हे त्यांनी स्पष्ट दाखविले. पुढे लिहिणे कठीण होते, घास तोंडापर्यंत नेणे कठीण होते. धड पुढे झुकते आणि चालता चालता रुग्ण नकळत धावू लागतो. झोप मोडते, मलावरोध होतो, वाणी अस्पष्ट होते, लाळ आवरत नाही. शेवटच्या अवस्थेत परिचारकाने समोर राहून उलट पावली चालावे व रुग्णाच्या खांद्यांस आपल्या हातांनी आधार द्यावा, तरच तो पुढे कोसळत नाही. इतके होऊनही त्याची ज्ञानेंद्रिये व बुद्धी शाबूत राहते, असे पार्किन्सन यांचे निरीक्षण होते.

त्यांच्या दृष्टीची सूक्ष्मता एका उदाहरणावरून ध्यानी येईल. बहात्तर वर्षांच्या त्या गृहस्थांस मध्येच अर्धांगाचा झटका आला. जी बाजू लुळी पडली तिचा कंप थांबला. सुमारे पंधरवड्याने शक्ती परत येऊ लागली, तसा कंपही परत आला. पार्किन्सन यांनी ही गोष्ट जशी घडली तशी नोंदवून ठेवली. कंप व मेंदूतील हालचालींचे मार्ग यांचा निकट संबंध आहे, हे पुढल्या संशोधकांस उमगण्यास दीर्घ काळ जावा लागला.

आता उपचाराविषयी. येथे आम्ही वाचकांपासून काही लपवू इच्छित नाही. पार्किन्सन यांनी सुचविलेला उपचार चुकीचा होता. मानेच्या वरील भागातून रक्त काढावे, तेथे फोड आणणारी औषधे लावून स्राव वाहता ठेवावा, असे त्यांनी लिहिले. रोगाचे मूळ मानेतील मज्जारज्जूत व तिच्या वरील टोकाशी असावे, हा तर्कही पूर्णपणे बरोबर ठरला नाही. परंतु ते थोर ठरतात ते येथेच. आपण शवविच्छेदन करून पाहिलेले नाही, आपले कारणमीमांसेचे म्हणणे अनुमान आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले आणि शरीरशास्त्रज्ञांनी पुढे येऊन खरे कारण शोधावे, असे आवाहन केले. रोगाचे स्वरूप नीट कळेपर्यंत पोटात घ्यावयाची औषधे देण्यास आधार नाही, असेही त्यांनी सांगितले. पाहिले ते ठामपणे सांगितले. तर्क केला तो तर्क म्हणूनच सांगितला. या दोहोंची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

२१ डिसेंबर १८२४ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. अखेरीस त्यांची वाचा गेली होती व उजवी बाजू लुळी पडली होती. ज्या सेंट लेनर्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्याच आवारात त्यांस मूठमाती मिळाली. त्यांचे एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही. हल्ली त्यांच्या नावाने दाढीधारी गृहस्थांची छायाचित्रे दाखविली जातात, ती इतर कोणाची तरी आहेत. कारण पार्किन्सन निवर्तले तेव्हा छायाचित्रणाची कला जनतेपर्यंत पोहोचलीच नव्हती. ज्याने इतरांस इतके बारकाईने पाहिले, त्याचा चेहरा आपणांस ठाऊक नाही.

त्यांच्या निबंधाचे चीज केले ते फ्रान्सने. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को नावाचे महान मज्जाविकारतज्ज्ञ होते. त्यांनी या रोगात स्नायू ताठरतात हे दाखविले, जे पार्किन्सन यांच्या वर्णनात नव्हते. सर्वच रुग्णांस कंप असतो असे नाही, हेही सांगितले. म्हणून कंपावरून पडलेले जुने नाव त्यांस योग्य वाटेना. त्यांनी या व्याधीस पार्किन्सन यांचे नाव दिले. एका देशाच्या वैद्याचा दुसऱ्या देशाच्या वैद्याने केलेला असा गौरव खरोखर स्पृहणीय होय.

शार्को यांचीच एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. आगगाडीचा अथवा घोडागाडीचा लांब प्रवास केला की बरे वाटते, असे काही रुग्ण म्हणत. यावरून त्यांनी हादरे देणारी एक खुर्ची बनवून घेतली आणि रुग्णांस बरे वाटल्याचे १८९२ साली जाहीर केले. पुढील वर्षी ते वारले. शंभराहून अधिक वर्षांनी शिकागो येथील संशोधकांनी या उपचाराची परीक्षा पाहिली व तिचे फलित २०१२ साली प्रसिद्ध केले. काही रुग्णांस हादरे देणाऱ्या खुर्चीत बसविले आणि काहींस केवळ शांत ध्वनी ऐकविला. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तात्पर्य, एखाद्यास बरे वाटले एवढ्यावरून उपचार सिद्ध होत नाही. आशेचाही या रोगावर परिणाम होतो. म्हणून दोन गट करून, तुलना करून, धीराने मोजावे लागते. हल्लीचे रोगोपचाराचे संशोधन याच मार्गाने चालते.

रोगाच्या मुळाचा शोध विसाव्या शतकात लागत गेला. मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाचा एक छोटा पुंजका असतो. या रोगात त्यातील पेशी झडतात, हे १९१९ साली त्रेत्याकोफ यांनी पॅरिसमध्ये दाखविले. यापुढील कथेशी आपल्या भूमीचाही धागा जुळलेला आहे. सर्पगंधा ही आपल्याकडील वनस्पती. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रुग्णांवरील अनुभव मांडून इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हे द्रव्य दिलेल्या काही रुग्णांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते निश्चल पडले. नंतर लेव्होडोपा नावाचे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते व हालचालीस ते आवश्यक आहे, हे यावरून उमगू लागले. व्हिएन्ना येथील एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी १९६० साली मृत रुग्णांच्या मेंदूंत या डोपामिनचीच उणीव दाखवून दिली.

लेव्होडोपापासून शरीर डोपामिन तयार करते. हे द्रव्य आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत असते. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या शास्त्रज्ञांनी तिच्यातून ते वेगळे काढल्याचे १९३७ साली प्रसिद्ध केले होते. (म्हणून कोणी खाजकुइलीचे चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये, मात्रा ठरविणे हे तज्ज्ञाचे काम आहे.) १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली आणि वर्षानुवर्षे खिळलेले रुग्ण उठून चालू लागले. कार्लसन यांस २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पार्किन्सन यांनी शरीरशास्त्रज्ञांस जी हाक घातली होती, तिला पुरते उत्तर मिळण्यास दीड शतक लागले.

तरीही हा रोग अद्याप समूळ बरा होत नाही. औषधाने हालचाल सुधारते, पुष्कळ वर्षे मनुष्य आपली कामे आपण करू शकतो. परंतु काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो आणि अंगास नको असलेल्या हालचाली सुटू शकतात. निवडक रुग्णांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचे सूक्ष्म स्पंदन देण्याची शस्त्रक्रियाही होते, ती आराम देते, रोग घालवीत नाही. बुद्धीविषयीचे पार्किन्सन यांचे म्हणणेही थोडे सुधारून घ्यावे लागले. काही रुग्णांस पुढे विस्मरण होते, खिन्नता तर पुष्कळांस येते. परंतु हात कापतो म्हणून बुद्धी गेली असे समजणे ही चूकच होय. जो कोणी हा रोग मुळापासून नाहीसा करण्याची हमी देतो, त्याच्याकडे पैसे घेऊन धावण्यापूर्वी आपल्या अज्ञानाची कबुली देणाऱ्या त्या होक्स्टनच्या वैद्याचे स्मरण करावे.

आता प्रारंभी दिलेले वचन पाळतो. आमच्या थोरल्या बंधूंनी मंडळाची वर्गणीवही पुष्कळ वर्षे लिहिली. त्यांचे अक्षर टपोरे, मोत्यासारखे. एके वर्षी ते बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी अक्षर ठीक असे आणि शेवटी मोहरीएवढे होई. सभासदांनी कुरकुर केली. आम्ही जन्मभर मुलांची अक्षरे सुधारलेले शिक्षक. आम्ही वयाने धाकटे असूनही त्यांस मोठे लिहा म्हणून चार लोकांदेखत बजावले. त्यांनी प्रयत्न केला, पहिली तीन अक्षरे मोठी काढली, पुढली पुन्हा आक्रसली. ते सावकाश चालत, तर आम्ही पुढे निघून जात असू. लग्नकार्यात त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नसे, म्हणून आप्तांनी त्यांस गर्विष्ठ ठरविले. दोन वर्षे अशी गेली. पुढे एका डॉक्टरांनी त्यांस खुर्चीतून उठून चार पावले चालताना पाहिले आणि तेवढ्यावरून ओळखले. औषध सुरू झाल्यावर त्यांस पुन्हा सदऱ्याच्या गुंड्या लावता येऊ लागल्या. त्यानंतर नऊ वर्षे ते आमच्यात होते. आमच्या बोलण्याचा उल्लेख त्यांनी कधीही केला नाही. आम्हांस मात्र त्याचा विसर पडलेला नाही.

ती वही मंडळाच्या कपाटात आहे. तिची पाने उलटली तर रोगाची वाढ साल-दरसाल दिसते. ती आम्हां सर्वांच्या समोर होती. पाहिली कोणीच नाही. जेम्स पार्किन्सन यांनी रस्त्यातल्या परक्या म्हाताऱ्यांजवळ थांबून जे केले, ते आम्हांस आमच्या घरात करता आले नाही.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच आहे. घरातील वडील मंडळींची चाल मंदावली, एका बाजूचा हात कापू लागला, अक्षर लहान वा आवाज क्षीण झाला, चेहरा निर्विकार दिसू लागला, तर त्यांस बोल लावू नये. मेंदूविकाराच्या तज्ज्ञाकडे न्यावे. गोळ्यांची वेळ काटेकोरपणे पाळावी, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून त्या एकाएकी बंद करू नयेत. रुग्णांस घरात लपवून ठेवू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ या नावाने रुग्ण व त्यांचे कुटुंबीय एकत्र येत आले आहेत, तसे चार घरांनी आपल्या गावीही एकत्र बसावे. त्यांच्याबरोबर चालताना आपण पुढे निघून जाऊ नये. ११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिन जगभर या रोगाचा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात एखाद्या जाणत्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडीत आहोत. आमच्या बंधूंच्या वहीचे एक पान त्या वेळी सर्वांस दाखविण्याची आमची तयारी आहे.